चादर जेवत नाही

"नको खाऊस. बसतो मीबी इथंच. बघू आधी कोण उठतंय," यादगिरी काचेला नाक लावून पुटपुटत होता. "आमच्या आईनं एवढे उपास कधी धरले नाहीत. आणि ती तर नवऱ्यावर रुसून धरायची."

भाग्यलक्ष्मी त्याच्या मागं हातभर अंतरावर चहाचा कप घेऊन उभी होती. आपलं कुणी ऐकतंय हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो सापाशी जरा खुलून बोलत होता. बायकोशी तो अलीकडे एवढं लांब वाक्य बोलत नसे.

रविवार, दुपारचे साडेबारा. काचेच्या पेटीत, लांब चिमट्याच्या टोकाला, कोमट पाण्यात घालून ऊन केलेला उंदीर लोंबत होता आणि हळूहळू पुन्हा गार होत होता. कोपऱ्यात चादर स्वतःचंच गाठोडं करून, डोकं मधोमध खुपसून पडली होती. रुसलेल्या माणसाला निदान विचारता तरी येतं.

"चहा," भाग्या म्हणाली.

यादगिरीनं दचकून चिमटा मागं घेतला. "आज जरा हलली होती," तो म्हणाला. हे खोटं होतं. भाग्यानं मान डोलावली. तेही खोटंच होतं.

चादर हे सापाचं नाव. आफ्रिकेकडच्या बुटक्या अजगराची जात, वाढून वाढून चार फूट. परवान्याच्या पैदाशीतली, कातडीखाली नंबराची चिप असलेली. सहा वर्षांपूर्वी चिन्नानं ती बुटाच्या खोक्यातून घरी आणली तेव्हा भाग्या दिवाणावर चढून बसली होती आणि संध्याकाळपर्यंत उतरली नव्हती. चिन्ना दिवाणाशी उभा राहून म्हणाला, "अम्मा, बघ तरी. तपकिरीवर पिवळा. आपल्या चादरीचा डिझाइन आहे तिच्या अंगावर." तीन पिढ्या मागावर घालवलेल्या सोलापुरातल्या पद्मशाली घरात एखाद्या प्राण्याची याहून मोठी शिफारस करता आली नसती. भाग्या उतरली. नाव चिकटलं.

चिन्ना म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. कागदोपत्री मार्कंडेय यादगिरी येमूल, वय सव्वीस. नाव कुळातल्या ऋषीचं. ज्या पोराचं आयुष्य सोळाच वर्षांचं ठरलं होतं आणि ज्यानं पिंडीला मिठी मारून यमाला हात हलवत परत पाठवलं, त्याचं. बारशाच्या दिवशी भाग्याला वाटलं होतं, चला, एक काळजी तरी मिटली.

चिन्नाची नोकरी हिंदी महासागरात. समुद्राच्या तळावर बटाट्याएवढे धातूचे गोळे पडलेले असतात. गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागतात ते. तळावर उतरणारी यंत्रं ते वेचतात आणि वर जहाजावर माणसं त्या यंत्रांची दुखणी काढतात. आठ महिने पाण्यावर, चार महिने घरी. जाताना चादरला आईबापाच्या हवाली करून जायचा आणि मागं पंजा ठेवून जायचा.

पंजाची गोष्ट इथं सांगायलाच हवी. माणसाचा हात सगळीकडं सारखा गरम नसतो. बोटांची टोकं गार, तळव्याचा गड्डा ऊन, मधल्या शिरांवर आणखी वेगळं. त्यातही प्रत्येक ठोक्याला रक्ताची एक बारीक लाट येते आणि ही सगळी नक्षी हलते. चहा प्यायला की बदलते, भ्यालं की बदलते, झोप लागली की बदलते. ही नक्षी चार हजार ठिकाणी मोजणारा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ हातमोजा निघाला होता. तो दूरच्या माणसानं घालायचा. उपग्रहावरून ती मापं घरी यायची आणि घरी एक मऊ, माणसाच्या कातडीच्या रंगाचा पंजा असायचा, तो तसाच्या तसा तापायचा. बोलणं नाही, चित्र नाही. नुसती ऊब, आणि हात कुठं टेकला, कुठं दाबला, तेवढं. व्हिडिओवर माणूस दिसतो, पण दिसायला काय, बातम्या देणारी बाईही रोज दिसते. पंजा हातात घेतला की तिकडं चिन्नानं आत्ता गरम कप धरलाय हे भाग्याला इथं कुमठा नाक्याजवळच्या स्वयंपाकघरात कळायचं. "दुसरा कप झाला बघ त्याचा," ती सांगायची. यादगिरी म्हणायचा, "तिसरा."

माणसाला पंजाचं कौतुक. चादरला तर तो डोळ्यांनी दिसल्यासारखाच. या जातीच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात. त्यांतून तिला उष्णता दिसते. आपल्याला अंधारात काही दिसत नाही तिथं तिला उंदराच्या ऊबदार पोटाचा आकार दिसतो, आणि अंशाच्या शंभराव्या भागाइतका फरकही ओळखू येतो. चिन्ना घरी असला की रविवारी साडेबाराला हात काचेला लावायचा, अंगठा तीनदा दाबायचा, मग उंदीर पुढं करायचा. चादर गाठोडं सोडून सरळ यायची. जहाजावरूनही त्यानं तेच चालू ठेवलं. रविवार साडेबारा, पंजा काचेला टेकवलेला, अंगठा तीनदा, चिमटा यादगिरीच्या हातात. सोलापुरातला साप हिंदी महासागरातल्या हातावर जेवतो हे बघायला गल्लीतली माणसं यायची.

मग श्रावणात जहाजाच्या खालच्या मजल्यावर पाणी शिरलं. बावीस जण वर आले. सात आले नाहीत. एकोणीस दिवस बोटी आणि विमानं हिंडली आणि कंपनीचं पत्र आलं. त्यात एक शब्द होता, 'संपर्काबाहेर'. घरात त्या दिवसापासून तोच शब्द चालला. नातेवाईक आले तर तोच, बँकेत तोच, देवळात पुजाऱ्यानं विचारलं तर तोच. शब्द सोयीचा होता. त्याच्या आत बसता यायचं.

पाणी शिरलं त्याच दुपारी पंजा गार पडला होता. त्यानंतर भाग्यानं जेवण सोडलं. ठरवून नाही. घास तोंडात जायचा आणि तिथंच राहायचा. अकरा दिवस असे गेले. डॉक्टरांनी घरी येऊन सलाइन लावलं. बाराव्या सकाळी यादगिरी गच्चीवरून पंजा घेऊन खाली आला. पंजाच्या मनगटाला मार्कंडेय मंदिरातला लाल दोरा सात-आठ वेढे घालून बांधला होता. त्यानं पंजा तिच्या मांडीवर ठेवला.

"गरम झालाय," तो म्हणाला.

कुठून, ते तो बोलला नाही. कसा, ते तिनं विचारलं नाही. तिनं दोन्ही हातांत पंजा धरला. तळव्याचा गड्डा ऊन, बोटांची टोकं गार. आणि थोड्या वेळानं अंगठा तीनदा दबला. "कंपनीला कळवलंय मी," यादगिरी खिडकीकडं बघत म्हणाला. कंपनी काय म्हणाली, तेही तिनं विचारलं नाही. दुपारी ती वाटीभर दहीभात जेवली. यादगिरी मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होता.

घरात भाग्या जेवायला लागली आणि तीन-चार आठवड्यांत चादरनं जेवण सोडलं.

*

"श्रावण सरला, दसरा सरला, संक्रांत झाली. तुमच्या सापाचा उपास कधी सुटणार म्हणं?" नरसाक्का दारातूनच बोलत आली. ही यादगिरीची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडं राहणारी. हातात चिंचेच्या ठेच्याची बरणी, तोंडात सल्ला. "मी म्हणते, द्या की सोडून. शेतात जाईल, खाईल काहीबाही."

"वन्सं, ती आफ्रिकेची आहे."

"मग काय झालं? आपण तरी कुठं इथले? तेलंगणातून आलोच की चालत."

भाग्या हसली. नरसाक्काला तेवढंच हवं होतं. ती पेटीजवळच्या फळीपाशी गेली, पंजा उचलला, दोन्ही हातांत धरला आणि गप्प झाली. येणारं प्रत्येक माणूस हेच करायचं. पंजा चार्जिंगला तिथंच असायचा, चादरच्या काचेला लागून, रात्रंदिवस.

भाग्या तोवर काट्यावर चादरचं वजन करत होती. स्वयंपाकाचा काटा, त्यावर डालडाचा जुना डबा, डब्यात चादर. बाराशे ऐंशी ग्रॅम. दिवाळीत साडेचौदाशे होती. चिन्ना जहाजावर गेला तेव्हा साडेसोळाशे.

"हाडं लागतात आता हाताला," भाग्या म्हणाली. "चिन्ना आला की मला काय म्हणेल?"

नरसाक्कानं पंजा फळीवर ठेवला आणि पदरानं बरणीचं झाकण पुसायला घेतलं. झाकण स्वच्छच होतं. यादगिरीला एकदम दुकानातून काहीतरी आणायचं आठवलं. भाग्याचं हे वाक्य घरात कुणी उचलत नसे, ते तसंच जमिनीवर पडून राहायचं आणि सगळे त्याला वळसा घालून जायचे.

"डॉक्टरला दाखव," नरसाक्का शेवटी म्हणाली. "माणसाच्या नको, त्यांच्यातल्याच."

*

त्यांच्यातली डॉक्टर होटगी रोडला होती. डॉ. वळसंगकर, पस्तिशीची, सतत लवंग चघळणारी, सरड्यापासून मगरीपर्यंत सगळ्यांना 'बाळ' म्हणणारी आणि माणसांशी तुटक बोलणारी. भाग्यानं चादरला उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्रा बादलीत ठेवून रिक्षातून आणलं. रिक्षावाल्याला दूध म्हणून सांगितलं होतं.

डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं, श्वास ऐकला. "आजार काही नाही. ही बाळं सहा-सहा महिने उपाशी राहतात, मनात आलं तर. पण वजन फार गेलंय. बाराशेच्या खाली गेली तर आतली इंद्रियं थकतात, मग नळीनं भरवूनही उपयोग नसतो. पेटीत काय बदललं?"

"काही नाही. माती तीच, दिवा तोच. माझ्या मुलानं सगळं लिहून ठेवलंय."

"पेटीजवळ?"

 "पंजा असतो. आधीही असायचा. मुलाचा."

"मुलगा कुठं असतो?"

"हिंदी महासागरात."

डॉक्टरांनी लवंग या गालातून त्या गालात नेली आणि कपाटातून काडेपेटीएवढा कॅमेरा काढला. "हा पेटीत लावा. उष्णतेचा आहे, तिला जे दिसतं ते हा टिपतो. दोन दिवस राहू दे. काही हलवू नका."

बुधवारी दुपारी भाग्या एकटीच गेली. यादगिरी हातमागाच्या संग्रहालयात जायचा. तिथं शाळेची मुलं यायची, त्यांना तो जुना माग चालवून दाखवायचा. भाग्याचं काम घरूनच असायचं. चादरींची डिझाइनं आता संगणकच काढायचे, आणि त्यांनी काढलेल्यात चूक शोधायला अजून माणूस लागायचा. पंचवीस वर्षं ती तेच बघत होती. नक्षी कुठं सुरू होते, कुठं संपते, कुठून परत फिरते. धंद्यात त्याला रिपीट म्हणतात. रिपीट चुकला की धुतल्यावर चादर तिरकी दिसते.

डॉक्टरांनी टेबलावर लांबच लांब कागदी पट्टी पसरली. दोन दिवसांचा पंजा, वरून खाली, रंगांत छापलेला. लाल गरम, निळा गार.

"आधी हे बघा," डॉक्टर म्हणाल्या आणि पडद्यावर चादर दाखवली. पंजाचा अंगठा तीनदा लाल झाला की ती अंग आवळून घ्यायची. डोकं आणखी आत. पुन्हा थोड्या वेळानं सैल. पुन्हा अंगठा, पुन्हा गाठोडं. "तिला शिकवलंय कुणीतरी की अंगठा दबला म्हणजे जेवण येतं. बरोबर? आणि आता तो दबतो, दबतो आणि काही येत नाही. तिनं आधी वाट बघितली असणार. मग सोडून दिली. आता ते दिसलं की तिला नुसती भीती वाटते. गरम रक्ताचं काहीतरी चोवीस तास उशाशी आहे, सारखं बोलावतंय आणि देत काही नाही."

"म्हणजे तिला कळतं की ते खोटं आहे?"

"खरं-खोटं तिला नाही कळत हो. आलं की नाही आलं, एवढंच कळतं."

भाग्या पट्टीकडं बघत होती. बघायचं नव्हतं तिला, पण पंचवीस वर्षांची सवय असलेल्या डोळ्यांना कोण थांबवणार? लाल वाढत गेलेला भाग, मग मधे निळी बोटं, मग अंगठ्याचे तीन ठिपके, मग तळव्यात पसरलेली जांभळी छटा. तिनं बोट ठेवलं. खाली सरकवलं. पुन्हा लाल, पुन्हा निळी बोटं, तीन ठिपके, तीच जांभळी छटा, अगदी तेवढीच, डावीकडं किंचित झुकलेली. आणखी खाली. पुन्हा तीच. तिनं पदराच्या काठानं अंतर मोजलं आणि बाजूचे तासांचे आकडे वाचले. एक तास चाळीस मिनिटं.

जिवंत हाताची ऊब एकदा येते तशी पुन्हा येत नाही. हे पंजा विकत घेताना दुकानातल्या मुलानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

तिनं मग सांधा शोधला. एक रिपीट संपून दुसरा लागतो तिथं काहीतरी राहतंच, एखादा धागा जाड, एखादी रेघ तुटकी. तिनं चष्मा काढून, कागद नाकाशी नेऊन शोधला. सापडला नाही. सांधा न दिसता शेवट सुरुवातीला जोडणारा माणूस सगळ्या सोलापुरात तिला एकच माहीत होता. लग्नाआधीपासून तो जकार्डच्या, म्हणजे मागाला नक्षी सांगणाऱ्या भोकाभोकांच्या पत्त्यांच्या माळा बांधायचा, शेवटचा पत्ता पहिल्याला असा शिवायचा की मागालासुद्धा पत्ता लागू नये.

"दिवसातून चौदा वेळा," ती म्हणाली.

 डॉक्टरांनाही पट्टी वाचता येत होती. "पंजा काढा तिथून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरातूनच काढा. पंधरा दिवस तिला अंधार द्या. मग दुसऱ्या वारी, दुसऱ्या वेळी, दुसऱ्या माणसानं भरवा. ती जगेल असं मला वाटतं." मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच असावं तसं, एका माणसाला विचारलं, "पाणी देऊ?"

रिक्षात भाग्याला काय काय आठवत होतं. पहाटे पंजा हातात घ्यायची, अंगठा दबायचा, ती म्हणायची, हो रे, आहे मी इथंच. दुपारी पुन्हा. कधी काम करताकरता. तिनं कधी मोजलं नव्हतं. जिला दोन धाग्यांची चूक दहा फुटांवरून दिसायची, तिनं पाच महिने मोजलं नव्हतं. न मोजायलाही कष्ट पडतात. ते तिनं घेतले होते.

*

यादगिरी घरी आला तेव्हा ती जमिनीवर बसली होती, मांडीवर पंजा. दोऱ्याचे वेढे ती एकेक करून सोडत होती. तो चपला काढता काढता थांबला.

शेवटचा वेढा सुटला. मनगटावर बारीक दिवा होता. माणूस पलीकडं असला की हिरवा, साठवलेलं चालू असलं की पिवळा. तो पिवळा होता.

"सांधा सापडला नाही मला," भाग्या म्हणाली.

तो तिच्या समोर बसला. एक चप्पल पायातच होती.

"तीन दिवस लागले," तो म्हणाला. "आठ महिन्यांचं सगळं साठलेलं असतं त्यात. आधी जूनमधलं एक घेतलं होतं, पण त्यात त्याला बारीक ताप होता. हाताला लागतो. मग हा घेतला. जुलैचा दुसरा रविवार. चादरला भरवलं तो. त्या दिवशी खूश होता तो. सगळ्यांत चांगला तुकडा तोच."

"सगळ्यांत चांगला," भाग्या म्हणाली.

"वाईट तुकडा घेऊन काय करणार?"

आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं. थानातला सगळ्यांत स्वच्छ भाग वर ठेवायचा, डागाचा आत दुमडायचा. ती त्याच्यावर चिडायला बघत होती आणि जमत नव्हतं.

"तुम्ही मला जेवायला घातलंत," ती म्हणाली. "आणि तिला दिवसातून चौदा वेळा पाटावर बसवून उठवलंत."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं पेटीकडं बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला की तिला वाटलं बोलले नसते तर बरं झालं असतं. "माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला. "मी फक्त तुझा विचार केला."

"बंद करा."

तो हलला नाही. पंजाकडं बघत राहिला. अंगठा दबला, एकदा, दोनदा, तीनदा.

"तू दुपारी डोळा लावतेस ना," तो म्हणाला, "तेव्हा मीबी धरून बसतो. मीच केलाय. सुरुवात माहिताय, शेवट माहिताय, पुढं काय येणार ते बोटागणिक माहिताय. तरी अंगठा दबला की बरं वाटतं. आता कसं बंद करू सांग."

तिला वाटत होतं पाच महिने ती त्याला सांभाळतेय. त्याला वाटत होतं तो तिला सांभाळतोय. सांभाळायला स्वतःपेक्षा सोपं माणूस मिळालं म्हणून दोघं टिकले होते, एवढंच.

"अशानं ती मरेल," भाग्या म्हणाली. "त्याच्या हातचं तेवढंच एक जिवंत आहे घरात."

 तिनंच मनगटाखालचं बटण दाबून धरलं. दिवा विझला. पंजा लगेच गार झाला नाही, चांगला बनवलेला होता. आधी बोटं गेली, करंगळीपासून. मग तळव्याच्या कडा. गड्डा शेवटपर्यंत ऊन होता. यादगिरीनं आपला हात त्यावर ठेवला, तिनं त्याच्या हातावर ठेवला, आणि मग किती ऊब पंजाची आणि किती त्यांची हे सांगता येईना. वीसेक मिनिटं गेली असतील. कुणी हात आधी काढायचा हे ठरत नव्हतं. शेवटी खालच्या गिरणीचा भोंगा झाला आणि यादगिरी पायातली चप्पल काढायला उठला.

पंजा नरसाक्काच्या घरी गेला. तिनं का म्हणून विचारलं नाही. उलट, विचारणार नव्हतेच, असं तीनदा सांगितलं. तिच्या कपाटात साड्यांच्या घडीत तो राहिला.

*

पंधरा दिवस पेटीवर जाड कापड होतं. भाग्या सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायची आणि बघायची नाही. यादगिरी बघायचा आणि सांगायचा नाही. एकदा वजन केलं, बाराशे पंधरा. दोघांनी तो आकडा ऐकल्यासारखंही केलं नाही. जेवणं मात्र दोघांची होत होती, समोरासमोर बसून. भाग्याला घास गिळायला त्रास व्हायचा तेव्हा यादगिरी पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवायचा, आणि त्याला व्हायचा तेव्हा ती.

सोळाव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी नऊला, भाग्यानं चिमटा हातात घेतला. सहा वर्षांत पहिल्यांदाच. उंदीर तिनं कोमट पाण्यात धरला, डॉक्टरांनी सांगितलं तेवढा वेळ. यादगिरी दारात उभा होता, आत यायला त्याला मनाई होती.

"हात कापतोय तुझा," तो म्हणाला.

"कापू दे. उंदीरही जरा हलल्यासारखा दिसेल."

तिनं कापड उचललं. चादर नेहमीच्याच कोपऱ्यात होती, पण डोकं बाहेर होतं. जीभ आली, गेली. भाग्यानं उंदीर हातभर अंतरावर धरला आणि थांबली. डॉक्टरांनी पाच मिनिटं सांगितली होती. दोन गेली.  तिच्या मनात एकच चाललं होतं: पुढं ये ग. मी कोणी नाही, माझ्या हाताला त्याच्या हाताची सर नाही, पण हे खरंच आहे, हे घे.

चौथ्या मिनिटाला गाठोड्याचा एक वेढा सुटला. मान इंग्रजी 'एस'सारखी मागं दुमडली.  काय झालं ते दिसलंच नाही, फक्त चिमट्याला जोराचा हिसका बसला, आणि उंदीर चादरच्या विळख्यात होता.

यादगिरी मनाई विसरून आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. भाग्याही बसली. चादर आवळत होती, सावकाश, घाई नसल्यासारखी. मग तिनं जबडा पसरला आणि उंदीर आत सरकू लागला, इंचाइंचानं, गळ्याचं कातडं ताणलं गेलं आणि तपकिरीवरचा पिवळा आणखी मोठा दिसू लागला. पाच महिन्यांचा उपास सुटत होता आणि आवाज काहीच होत नव्हता.

यादगिरीनं खिशातून फोन काढला. फोटो घेतला. हलला म्हणून दुसरा घेतला. मग चादर जेवली की चिन्नाला फोटो जायचा त्या ओळीवर त्याचा अंगठा आपसूक गेला. शेवटचे चार फोटो तिथंच होते, एकाखाली एक, न बघितलेले. त्याचा अंगठा तिथं थांबला.

"पाठवून ठेवू का?" तो म्हणाला. "रेंज आली की बघेल."

 उंदराची शेपटी तेवढी चादरच्या तोंडाबाहेर राहिली होती. तीही आत गेली. चादरनं जांभई दिल्यासारखं तोंड दोनदा उघडलं, जबडा जागेवर बसवला आणि मान जमिनीला टेकवली. भाग्यानं यादगिरीच्या हातातून फोन घेतला आणि पालथा करून फरशीवर ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "आपला चिन्ना मेला. श्रावणातच मेला."